हेडफोनचा ॲम्प : व्हॉल्व्हचा घ्यावा की ट्रान्झिस्टरचा? कमी पैशात ठरवायचं कसं

कोल्हापुरात ‘ॲम्प’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढं डॉल्बीची भिंत उभी राहते. मी पहिल्यांदा एका दुकानात हेडफोनचा ॲम्प, म्हणजे हेडफोनला पुरेसा जोर देणारी पेटी, मागितला तेव्हा काउंटरवरच्या पोरानं अगदी गंभीरपणे विचारलं, ‘‘किती हजार वॅटचा देऊ?’’ मी म्हणालो, अर्धा वॅट पुरे. त्यानं मागं वळून हाक मारली, ‘‘दादा, ह्यांना काय पाहिजे बघा की जरा.’’

दादांनाही काही उमगलं नाही. मग जे व्हायचं तेच झालं. रात्री जागून फोटो बघितले आणि दोन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे दिवे) नारिंगी उजेडात चमकणारी एक छोटी पेटी मागवली. त्यानंतर आणखी एक, आणि मग तिसरी. आता टेबलावर एकच आहे आणि ती पहिली नाही. मधल्या काळात गेलेले पैसे तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

निष्कर्ष आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही : पैसे कमी असतील आणि हा पहिलाच ॲम्प असेल, तर ट्रान्झिस्टरचा घ्या. अपवाद एकच, तुमच्याकडं ३०० ओहमचा हेडफोन असेल तर. तो का, ते खाली आलंच आहे.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- तुमच्या हेडफोनचा नेमका मॉडेल नंबर आणि त्याचं माहितीपत्रक
- साधा टेस्टर आणि एसीची लहान रेंज असलेला मल्टिमीटर (पायरी ७ मध्ये याची गंमत आहे)
- ३.५ मिमीच्या पिनेला ६.३५ मिमीची करणारा जोड. चांगल्या धातूचा घ्या, हलका पडला की एका कानाचा आवाज जातो
- एक आरसीए केबल (लाल-पांढऱ्या पिनांची)
- तुम्ही शंभरदा ऐकलेली चार-पाच ध्वनिमुद्रणं
- परदेशातून थेट मागवणार असाल तर ओळखपत्र. कुरिअरवाले कस्टमसाठी आधार किंवा पॅनची प्रत मागतात

१. आधी हेडफोनवरचे दोन आकडे वाचा

सगळे इथंच चुकतात, मीही चुकलो. ॲम्प आपल्या आवडीवर ठरतो असं वाटतं, पण निम्मा निर्णय हेडफोननं आधीच घेऊन ठेवलेला असतो.

पहिला आकडा इम्पिडन्सचा, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचा, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती जोरात वाजतो त्याचा, डेसिबलमध्ये. या दुसऱ्यात मेख आहे. काही कंपन्या तो एका मिलिवॅटला देतात, काही एका व्होल्टला. सेनहायझरच्या एचडी ६०० चा आकडा मिलिवॅटला ९७ आहे आणि एचडी ६५० चा व्होल्टला १०३. वाचणाऱ्याला वाटतं, ६५० चांगलाच जोरात वाजत असणार. पण ३०० ओहमवर एक व्होल्ट म्हणजे ३.३ मिलिवॅट, म्हणजे ५ डेसिबल जास्त. ते वजा केले की १०३ चे होतात ९८. दोघं जवळपास सारखेच.

आता हिशोब करू. संगीतातल्या अगदी मोठ्या उसळीलाही ॲम्पनं मान टाकू नये म्हणून ११० डेसिबलची सोय धरू. एवढ्या आवाजात रोज ऐकायचं नाही, ही फक्त वरची जागा आहे. एचडी ६०० ला त्यासाठी २० मिलिवॅट लागतात : सुमारे २.४ व्होल्ट, पण करंट जेमतेम ८ मिलिअँपिअर. हायफायमॅनचा एचई४००एसई हा प्लेनर (सपाट पातळ पडद्याचा) हेडफोन २५ ओहम आणि ९१ डेसिबलचा. त्याला लागतात ८० मिलिवॅट : १.४ व्होल्ट, पण करंट ५६ मिलिअँपिअर.

म्हणजे एकाला दाब हवा, दुसऱ्याला धार. उसाला पाणी पाजणारा कुणी घरात असेल तर त्याला विचारा. मोटर घेताना तो आधी हेड (पाणी किती उंच चढवायचं) विचारतो आणि मग डिस्चार्ज (किती पाणी सोडायचं). खोल विहिरीची मोटर वेगळी आणि पाटाला भरभरून पाणी सोडणारी वेगळी. व्हॉल्व्हचा स्वभाव खोल विहिरीच्या मोटरचा आहे : दाब भरपूर, धार बारीक. म्हणून ३०० ओहमच्या हेडफोनशी त्याचं जुळतं आणि प्लेनरशी भांडण होतं.

२. ॲम्प लागतोच का, ते बघा

फोनला किंवा लॅपटॉपला हेडफोन लावा. पंख्याच्या आवाजात आवाज ७० टक्क्यांवर ठेवून पुरत असेल आणि मोठ्या उसळीला फाटत नसेल, तर तूर्तास थांबा. कानात घालायच्या इअरफोनसाठी तर टेबलावरचा ॲम्प घेऊच नका. व्हॉल्व्हचा तर नाहीच, कारण त्यात गाण्याआधी सूंऽऽ ऐकू येतं.

फोनला हेडफोन जोडणारी ॲपलची बोटभर लांबीची यूएसबी-सी डोंगल सुमारे एक व्होल्ट देते. (युरोपात विकली जाणारी निम्माच देते, तेव्हा तिकडून कुणी आणून देत असेल तर लक्ष ठेवा.) एक व्होल्टला एचडी ६०० सुमारे १०२ डेसिबलपर्यंत जातो. बहुतेकांना एवढं पुष्कळ झालं. मी ॲम्पवर पैसे घालवल्यानंतर ही डोंगल लावून बघितली आणि थोडा वेळ गप्प बसलो.

३. व्हॉल्व्ह नेमकं काय करतो, ते समजून घ्या

१९०६ मध्ये ली डी फॉरेस्टनं काचेच्या दिव्यात तिसरं टोक घातलं आणि लहान सिग्नल मोठा करणं शक्य झालं. १९४७ च्या डिसेंबरात बेल लॅब्समध्ये ट्रान्झिस्टर आला आणि हळूहळू आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावर गेला. आपल्याकडं बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह असायचे, जुन्या रेडिओत अजूनही सापडतात.

मग शंभर वर्षांपूर्वीची वस्तू आज कुणी का घ्यावी? उत्तर मिरजेत आहे. इथून पन्नासेक किलोमीटरवर तंबोरे बनतात. तिथल्या कारागिराला जवारी काढताना बघा. तो घोडी घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि एका क्षणी ती तार बोलायला लागते. तार तीच, सूर तोच, पण त्याच्या पोटातून वरचे स्वर बाहेर येतात.

व्हॉल्व्ह सिग्नलवर काहीसं असंच करतो. तुमचा सा २४० हर्ट्झचा असेल तर तो त्यात थोडा ४८० मिसळतो, म्हणजे तार सा. त्याहून कमी ७२०, म्हणजे तार पंचम. सा आणि पंचम हे कानाला परके नाहीत, म्हणून आवाज बिघडल्यासारखा न वाटता भरल्यासारखा वाटतो. अभियंता याला विकृती म्हणेल आणि त्याचं बरोबरच आहे. साध्या व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये ती जोरात वाजवताना एक टक्क्यापर्यंत जाऊ शकते, म्हणजे मूळ सुरापेक्षा ४० डेसिबल खाली. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये ०.००१ टक्का, म्हणजे १०० डेसिबल खाली. ती ऐकू येत नाही.

पण ही जवारी फक्त एकट्या सुराला लागते. दोन सूर एकत्र आले की व्हॉल्व्ह त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही वाजवतो आणि त्या कुठल्याच रागात बसत नाहीत. म्हणून तंबोरा आणि एक गळा असेल तर मजा येते, ऐंशी वादकांचा ताफा किंवा ढोल-ताशा असेल तर चिखल होतो. आणि मूळ तंबोऱ्याची जवारी मुद्रणात आधीच आहे, हेही विसरू नका.

आमच्याकडं जुन्या ध्वनिमुद्रणांचं वेड मोठं. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखाँ, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, ही नावं घराघरांत. ‘जुनं गाणं व्हॉल्व्हवरच ऐकावं’ असं मलाही ऐकवलं गेलं. पण १९२५ नंतर विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं ते व्हॉल्व्हच्याच यंत्रांवर. त्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांत व्हॉल्व्ह मुरलेलाच आहे. त्यावर दुसरा घालणं म्हणजे झणझणीत रश्श्यावर वरून आणखी चटणी भुरभुरण्यासारखं. ज्याला आवडतं त्याला आवडतं.

४. आउटपुट इम्पिडन्स विचारल्याशिवाय पैसे देऊ नका

जाहिरातीत व्हॉल्व्हची नावं ठळक असतात आणि हा आकडा, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा आतला विरोध, लपलेला. ढोबळ नियम असा, की ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या भागाहून जास्त नसावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत, ३०० ला ३७ च्या आसपास. ट्रान्झिस्टरवाले बहुतेक एका ओहमच्या आत असतात, तिथं हा प्रश्नच येत नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरशिवायचे व्हॉल्व्ह ॲम्प, ज्यांना ओटीएल म्हणतात, ते मात्र कित्येक दहा ओहम, कधी शंभराच्याही पुढं जातात.

फरक किती पडतो? ॲम्प १०० ओहमचा धरा. एचडी ६०० किंवा ६५० चा इम्पिडन्स नावाला ३०० असला तरी बेसमध्ये, १०० हर्ट्झच्या आसपास, ५०० च्या जवळ जातो. त्यामुळं तिथं आवाज सुमारे एक डेसिबल वर उचलला जातो. लोक ज्याला व्हॉल्व्हचा उबदारपणा म्हणतात, त्यातला बराचसा हाच एक डेसिबल असतो. कंप्युटरवर इक्वलायझर एपीओ किंवा अँड्रॉइडवर वेव्हलेट हे स्वर कमी-जास्त करणारं ॲप टाकून तो फुकटात मिळतो, हे विक्रेता सांगणार नाही.

प्लेनरला याच १०० ओहमच्या ॲम्पवर लावलं तर स्वर बदलत नाही, नुसता दम जातो. २५ ओहमच्या हेडफोनपर्यंत व्होल्टेजचा पाचवा हिस्सा पोचतो, बाकीचा वाटेतच मुरतो.

५. पेटीतला व्हॉल्व्ह खरंच काम करतोय का?

बाजारात तीन जाती आहेत.

पहिली, माझी पहिली. दोन छोटे चिनी व्हॉल्व्ह (बहुतेकदा ६जे१), खाली १२ व्होल्टचा अडॅप्टर, आत एक आयसी (चिप). व्हॉल्व्हला नीट चालायला बरंच जास्त व्होल्टेज लागतं, इथं तो उपाशीपोटी उभा असतो. एका रात्री दिवे गेले म्हणून मी मोबाइलच्या टॉर्चमध्ये ती उघडली. व्हॉल्व्हच्या सॉकेटच्या मधोमध एक भोक आणि भोकात नारिंगी एलईडी! ज्या उजेडावर मी भाळलो होतो तो अडीच रुपयांचा होता. खऱ्या व्हॉल्व्हचा उजेड आतल्या बारीक तारेचा असतो, मंद, आणि सुरू केल्यावर हळूहळू येतो. बटण दाबताच काच झगमगली तर ओळखा.

दुसरी, हायब्रिड. व्हॉल्व्ह व्होल्टेज वाढवतो आणि ट्रान्झिस्टर करंट पुरवतात. आउटपुट इम्पिडन्स कमी, सगळे हेडफोन चालतात. कमी पैशात व्हॉल्व्हची चव बघायची असेल तर माझं मत यालाच. फक्त १२एयू७ किंवा ६एसएन७ सारखे सहज मिळणारे व्हॉल्व्ह असलेला घ्या, म्हणजे बदली मिळते.

तिसरी, खरा ओटीएल, उदाहरणार्थ डार्कव्हॉइस ३३६एसई. पुढं ६एसएन७, मागं ६एएस७. मागच्या एकट्या व्हॉल्व्हची तारच ६.३ व्होल्टला अडीच अँपिअर खाते, म्हणजे जवळजवळ १६ वॅट नुसती शेगडी. एप्रिलमध्ये बंद खोलीत जाणवतं. फक्त ३०० ओहमवाल्यांनी याचा विचार करावा.

६. घरची वीज

आमचं घर मंगळवार पेठेत, जुनं. लॅपटॉपमधून गाणं लावलं की कानात घुंऽऽ अशी घरघर, आणि पेटीला हात लावला की मुंग्या. मी व्हॉल्व्ह बदलले, केबल बदलली. शेवटी वायरमन आला, सॉकेट खोललं आणि म्हणाला, ‘‘ह्ये बघा, भोकं तीन हाईत, वायरी दोनच आल्यात.’’ अर्थिंग नव्हतंच, पहिल्या दिवसापासून.

तेव्हा ॲम्प घेण्याआधी वायरमनकडून हे मोजून घ्या : फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ सतत नेमका शून्य आला तरी खूश होऊ नका. काही जण अर्थिंगच्या भोकात न्यूट्रलच जोडून मोकळे होतात, आणि ते फार धोक्याचं आहे.

दुसरा सापळा भाच्यांचा. अमेरिकेहून येताना कुणीतरी ॲम्प आणतं, तो असतो ११५ व्होल्टचा. पिनेचा आकार बदलणारा जोड व्होल्टेज बदलत नाही. ओळखीतल्या एकाच्या घरी पहिल्या बटणालाच धूर निघाला. मागं ११५/२३० चा खटका आहे का बघा, नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

आणि ओटीएल कधीही उघडू नका. आत शे-दीडशे व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून बसतात. रेडिओ दुरुस्त करणारे जुने लोक एक हात खिशात ठेवून काम करायचे, ते उगाच नाही.

७. ऐकून ठरवा, पण आवाज जुळवून

दोन ॲम्पपैकी जो किंचित जोरात असतो तो चांगला वाटतो. किंचित म्हणजे अर्धा डेसिबलसुद्धा. म्हणून आधी ४०० हर्ट्झचा एकसुरी टोन लावा, हेडफोन जोडलेलाच ठेवून आउटपुटचं एसी व्होल्टेज मोजा आणि दोन्हींचं सारखं करा. एक टक्क्याच्या आत आलं तर उत्तम.

इथं पिवळा स्वस्त मल्टिमीटर दगा देतो. त्यावर एसीची सगळ्यांत लहान रेंज २०० व्होल्टची, म्हणजे ०.३ व्होल्ट आणि ०.३४ व्होल्ट त्याला एकच. ज्यावर एसी २ व्होल्टची रेंज आहे असा मागून घ्या.

देवल क्लबात मैफली ऐकत म्हातारे झालेले आमचे एक काका आहेत. त्यांना मी हायब्रिड आणि ट्रान्झिस्टर, दोन्ही न सांगता ऐकवले. आवाज न जुळवता : ‘‘हा पहिला. ह्यात तंबोरा मिळालाय.’’ पहिला हायब्रिड होता. मी हरखलो. मग आवाज जुळवून पुन्हा ऐकवलं. काकांनी दहा मिनिटं इकडचं तिकडं केलं, हेडफोन काढला आणि म्हणाले, ‘‘अरे, गाणारा तोच आहे ना? मग चहा टाक.’’

८. पैसे वाटायचे कसे

एकूण वीस हजार असतील तर चौदा-पंधरा हेडफोनला. उरलेल्यात डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा सिग्नल करणारा भाग) आणि ॲम्प एकाच पेटीत असलेला ट्रान्झिस्टरवाला. वेगळा व्हॉल्व्ह ॲम्प घेतलात तर डॅक वेगळा, केबल वेगळी, कधीतरी बदलीचे व्हॉल्व्ह वेगळे, हे धरायला लोक विसरतात. हाताला सोल्डरची सवय असेल तर ऑब्जेक्टिव्ह२ या हेडफोन ॲम्पचा आराखडा २०११ पासून खुला आहे. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधा.

९. घेताना आणि घेतल्यावर

नवा असेल तर जीएसटीचं बिल, वॉरंटी भारतातली आहे का हे लेखी, आणि खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ. माझ्या एका पार्सलमध्ये व्हॉल्व्ह फुटून आला होता. व्हिडिओ नव्हता, म्हणून विक्रेत्यानं हात वर केले. परदेशातून मागवताना ड्यूटी धरूनच किंमत काढा.

जुना घेत असाल तर समोर अर्धा तास चालवायला लावा. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होते का बघा. अगदी कमी आवाजात डावा-उजवा सारखा आहे का ऐका. व्हॉल्व्हवर पेन्सिलीच्या रबरानं हलकी टिचकी मारा. थोडं टंग चालतं, पण घंटेसारखं घुमत राहिलं तर तो व्हॉल्व्ह गेलेला समजा. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे.

व्हॉल्व्हचा ॲम्प सुरू केल्यावर मिनिटभर थांबा आणि मगच हेडफोन लावा. बंद करताना आधी हेडफोन काढा. पावसाळ्यात इथं चपलेला बुरशी येते, तीच हवा व्हॉल्व्हच्या पिनांनाही लागते. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा, ॲम्प बंद करून पूर्ण गार झाल्यावर, व्हॉल्व्ह हलक्या हातानं सरळ वर ओढून काढा, पिना आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, वाळू द्या, परत बसवा. आणि विकून पाठवायची वेळ आलीच, तर व्हॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळा.